खोकल्याचा रकाना

येरवड्याच्या वस्तीत रुपाली ओव्हाळला नावानं कुणी ओळखत नसे. ‘बीपीवाल्या मॅडम’ म्हटलं की समजायचं. नाक्यावर स्कूटी लावायची, निळी पिशवी खांद्याला अडकवायची आणि गल्लीत शिरायचं, हा तिचा नेम. पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र, गोळ्यांची पाकिटं, फॉर्मांचा गठ्ठा आणि लघवी तपासायला न्यायच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्या. ओझं बरंच असे, पण रुपालीनं ते कुणाला उचलू दिलं नाही.

हे साल दोन हजार सहा. नदीकाठच्या शेतांवर काचेच्या इमारती उठत होत्या आणि वस्तीतल्या बायका धुणीभांडी सोडून त्या इमारतींच्या कॅन्टीनमध्ये कामं धरत होत्या. परदेशी कंपन्यांना पुण्यात प्रोग्रॅमर सापडले होते, तसेच आता औषधांच्या चाचण्यांसाठी रोगीही सापडू लागले होते. पण रुपाली ज्या अभ्यासात काम करायची तो तसा नव्हता. एका ट्रस्टच्या रुग्णालयातला संशोधन विभाग तो चालवत होता. रक्तदाबावरची एक जुनी, स्वस्त गोळी वस्तीतल्या माणसांना वर्षभर देऊन पाहायची. उतार पडतो का, आणि सोसते का? उत्तर चांगलं आलं तर हीच गोळी शहरातल्या सगळ्या सार्वजनिक दवाखान्यांत मिळणार होती. ते बोलणं झालेलंच होतं. अडलं होतं ते फक्त शोधनिबंध छापून येण्यावर.

रुपालीचे वडील कोंडीराव ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. रुपाली तिथल्या क्वार्टर्समध्येच वाढली. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, पण कोंडीरावांच्या गप्पा कारखाना सोडून बाहेर आल्या नाहीत. आल्यागेल्याला ते एक गोष्ट हटकून सांगत. कारखान्याच्या क्रीडादिनाला कामगारांच्या मुलांसाठी धावण्याची शर्यत असे. मुलींसाठी संगीतखुर्ची. दहा वर्षांची रुपाली मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. धावली आणि चौथी आली. बक्षिसं तिघांनाच. कार्यक्रम संपेपर्यंत ही मंचाजवळून हलेना.

“काय गं, चौथ्या नंबराला बक्षीस नसतं,” साहेब म्हणाले.

“मुलांत चौथी आले. मुलींत पहिली आले ना? मुलींचं द्या.”

“अगं, मुलींत तू एकटीच धावलीस!”

“बाकीच्यांना तुम्ही धावायला बोलावलंच नाही.”

कोंडीराव इथं थांबून पाहुण्यांकडे बघायचे. “दिला मग साहेबांनी एक स्टीलचा डबा. अजून आहे घरात. चकल्या ठेवतो त्यात.”

पुढे रुपाली बी.एस्सी. झाली, चार वर्षं एका प्रयोगशाळेत रक्त तपासत बसली आणि पुण्यात नवानवा निघालेला संशोधन व्यवस्थापनाचा कोर्स करून या विभागात आली. पद होतं समन्वयकाचं. माणसं जमवायची, त्यांना समजावून सांगायचं, संमती घ्यायची, दर महिन्याला तपासायचं, नोंदवायचं. वर डॉक्टर अभिनव मेहेंदळे. चाळिशीतला माणूस, इंग्लंडात शिकून आलेला, हुशार, कामाला वाघ. रुपालीला ‘ओव्हाळ मॅडम’ म्हणायचे आणि आवाज कधी चढवायचे नाहीत.

अभ्यासाच्या आराखड्यात सुरुवातीला सगळ्यांनी सकाळी रुग्णालयात यायचं असं होतं. पुरुष येत होते. कामावर जाता जाता यंत्रात हात घालायचे, तिथल्याच मोरीत डबी भरून द्यायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायचे आणि सायकलला टांग मारायचे. बायका मात्र फिरकेनात. सकाळी वस्तीत नळाला पाणी यायचं, आणि नळ सोडून कोण येणार? डॉक्टर म्हणाले होते, “बायका नाही आल्या तर पुरुषांवरच करू. काय बिघडतं? बरेच जण असंच करतात.” तेव्हा रुपालीच हटून बसली होती. बायका येत नसतील तर आपण जाऊ. मी जाते घरोघर. डॉक्टरांनी खांदे उडवले. “जा. पेट्रोलचं बिल द्या म्हणजे झालं.”

अशा रीतीनं बायका अभ्यासात आल्या. त्या रुपालीनं आणल्या, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि रुपालीला त्याचा थोडा अभिमानही होता.

वर्ष संपलं. निकिता नावाची एक तरतरीत मुलगी आकडेमोडीला होती. हिंजवडीतली नोकरी सोडून आलेली, कानात सतत गाणी. तिनं सगळ्या नोंदी कॉम्प्युटरला घातल्या आणि डॉक्टरांनी निबंध लिहून काढला. आकडे तपासायला म्हणून एक प्रत रुपालीच्या टेबलावर आली. गौरी-गणपती जवळ आले होते, विभागात आरतीच्या वर्गणीवरून हुज्जत चालली होती, आणि रुपाली शेवटच्या पानावर थांबली होती. तिथं लिहिलं होतं की या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो असा इतरत्र अनुभव आहे. आमच्या अभ्यासात मात्र तो क्वचितच आढळला. सबब ही गोळी आमच्याकडच्या स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही सारखीच सोसते.

“निकिता, गाणं बंद कर जरा. शेवटपर्यंत टिकलेल्या बायका किती?”

निकितानं दोन बटणं दाबली. “निम्म्या. थोड्या कमीच.”

“आणि पुरुष?”

“ऑलमोस्ट सगळे.”

“मग ज्या बायका सोडून गेल्या, त्या या हिशेबात कुठे आहेत?”

“त्या ड्रॉप होतात ना, ताई. वर्ष पुरं केलं त्यांचंच धरायचं असं सरांनी सांगितलंय. कारण लिहिलंय की सगळ्यांचं. पर्सनल, पर्सनल, पर्सनल.” तिनं पडद्यावर बोट फिरवलं. “तुम्हीच लिहिलंय.”

लिहिलं होतं खरंच. गावाला जायचंय. वेळ होत नाही. घरचे नको म्हणतात. दारात उभ्या उभ्या जे उत्तर मिळालं ते रुपालीनं ‘वैयक्तिक कारण’ या खणात टाकलं होतं, कारण दुसरा खण नव्हता. आणि खोकल्याचा रकाना? बायकांचा तो रकाना ओळीनं ‘नाही’ होता. पुरुषांमध्ये दहाबारा जणांनी ‘हो’ म्हटलं होतं, बायकांत जवळजवळ कुणीच नाही. जगभर ज्याचा त्रास बायकांना जास्त होतो म्हणतात, तो येरवड्यातल्या बायकांना अजिबात होत नाही? रुपालीला हे पटेना.

ती डॉक्टरांकडे गेली.

“सोडून गेलेल्या माणसांचं आपण काय करणार, ओव्हाळ मॅडम?”

“विचारायचं, सर. का सोडलं ते.”

“विचारलं होतं. तुम्हीच.” डॉक्टरांनी ते सरळपणे म्हटलं, पण लागायचं तिथं लागलं. “हे बघा, तुमच्या त्या वस्तीतल्या बायका. चार महिने येतात, पाचव्या महिन्यात कंटाळतात. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.”

‘तुमच्या’ हा शब्द रुपालीनं ऐकला. ती खडकीत वाढली होती, राहायला विश्रांतवाडीत होती. येरवड्याची ही गल्ली दीड वर्षापूर्वी तिनं पाहिलीही नव्हती. तसं सांगता आलं असतं.

“हो, आमच्याच आहेत,” ती म्हणाली. “म्हणून तर पुन्हा जाते. निबंध कधी पाठवायचाय?”

“विसर्जन झालं की.”

“तोपर्यंतची मुदत द्या.”

“मुदत घ्या. पण काही निघेल असं वाटत नाही मला.”

*

मथुराबाईंपासून सुरुवात करायचं तिनं ठरवलं, कारण मथुराबाई सगळ्यांत आधी अभ्यासात आल्या होत्या आणि सगळ्यांत आधी गेल्याही होत्या. पन्नाशीच्या, दौंडकडच्या, तोंडानं फटकळ. थोरल्या मुलाचं लग्न झालेलं, धाकट्या लेकीचं जमवायचं चाललेलं. रुपाली गल्लीत शिरली तेव्हा त्या नळाजवळच होत्या. निळी पिशवी दिसताच हंडा उचलून आत गेल्या. दारात सून आली.

“सासूबाई गावाला गेल्यात.”

मथुराबाईंच्या चपला उंबऱ्याशी होत्या. रुपालीनं चपलांकडे पाहिलं, सुनेनंही पाहिलं.

“कधी येतील?”

“सांगून न्हाई गेल्या.”

नळावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. रुपाली निमूटपणे परतली. स्कूटीवर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मथुराबाईंनी तिचं तोंड पाहिलंच नव्हतं. त्यांनी पिशवी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी घरी ठेवली आणि दुपारी कल्याणीनगरला गेली. तिथल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मथुराबाई भाजी चिरायला होत्या. जेवणाची गर्दी ओसरल्यावर मागच्या बाजूला, रिकाम्या क्रेटवर बसून त्या मिश्री लावत होत्या. रुपालीला पाहून त्यांनी आधी तिच्या दोन्ही खांद्यांकडे पाहिलं.

“पिशवी कुठाय?”

“घरी.”

“आन् ती डबी?”

“तीही घरी. का?”

“मग बस.” मथुराबाईंनी दुसरी क्रेट पायानं पुढे सरकवली. “काय इचारायचंय ते इचार. मला चार वाजता कोबी हाय.”

“गोळी का सोडलीत?”

मथुराबाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं. “गोळी गुणाची हुती गं. डोकं हलकं झालं हुतं. पर खोकला लागला. कफ न्हाई, ताप न्हाई, निस्ती घशात खवखव. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव न्हाई. सून म्हणली, आत्या, दवाखान्यात दाखवा. तवर तू आलीस. नळापाशी, समद्यांदेखत, माझ्या हातात ती डबी ठिवलीस.”

“मथुराबाई, ती लघवीची डबी होती.”

“ते तुला ठावं! नळावरच्या बायांना काय ठावं? आमच्या गल्लीत ती डबी एकाच कामाला येती. थुकी द्यायच्या. टीबीच्या.”

टीबीच्या तपासणीला नेमकी तशीच डबी देतात, तेच झाकण, तोच आकार. एकाच बाजारातून दोन्ही येतात. प्रयोगशाळेत चार वर्षं तिनं दोन्ही हाताळल्या होत्या. तिथं चिठ्ठी लावलेली असे. गल्लीत चिठ्ठी कोण वाचतं?

“खोकती बाई आन् हातात डबी,” मथुराबाई म्हणाल्या. “यमुनाबाई हाय ना, शेजारीण, तिनं सांजच्याला गल्लीभर केलं. चार दिसात माझा पेला येगळा झाला. सुनंनं केला. तिचं तरी काय चुकलं, तान्हं पोर हाय घरात. कात्रजहून पोरीला बघाय पाव्हणं यायचं हुतं. निरोप आला, सवडीनं बघू म्हणून. अजून त्यांची सवड हुतीया.”

वेगळा पेला. हे काय असतं ते रुपालीला कुणी समजावून द्यायला नको होतं. तिच्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलात बाहेर, खिळ्याला टांगलेला असायचा, कान तुटलेला. छप्पन सालानंतर आजोबांनी त्या हॉटेलाची पायरी सोडली आणि मरेपर्यंत गावात चहा घेतला नाही. घरात ही गोष्ट कोंडीराव हसत सांगत नसत.

“मला का नाही सांगितलंत? मी दर महिन्याला विचारत होते, खोकला येतो का.”

“कुठं इचारत हुतीस? दारात! म्होरं शेजारीण, मागं सून. ‘मथुराबाई, खोकला येतो का?’ हो म्हणाय मला याड लागलंय?”

“मग पुरुष कसे हो म्हणाले?”

“त्यांनी दवाखान्यात सांगितलं, डाक्टरच्या कानात. आन् बाप्या खोकला तर तंबाखूचा. बाई खोकली की टीबीचा.” त्या उठल्या. “गोळी सोडली, खोकला गेला. पर डोकं पुन्हा जड झालंय, ते सांगते तुला. लिव्ह.”

रुपालीनं लिहिलं. तिच्याच हट्टानं बायकांकडे घरी जायचं ठरलं होतं. घरी म्हणजे दारात, आणि दारात म्हणजे गल्लीत, हे दीड वर्षात तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पण हळहळायला वेळ नव्हता. विसर्जन जवळ आलं होतं.

तिनं कामाची रीतच बदलली. पिशवी नाही, डबी नाही, गल्ली नाही. बाई जिथं एकटी भेटेल तिथं: कॅन्टीनच्या मागं, शाळेच्या फाटकाशी, रेशनच्या रांगेतून बाजूला घेऊन, एकदा तर पार्लरमध्ये भुवया कोरायला बसलेल्या बाईशेजारी स्वतःच्याही भुवया कोरून घेत. मुक्ताई नावाची एक म्हातारी लेकीकडे कात्रजला राहायला गेली होती. सातारा रस्ता नव्या बसमार्गासाठी उभाआडवा खणलेला, रुपाली धूळ खात तिथल्या डेअरीपर्यंत गेली आणि मुक्ताईनं दार उघडताच पहिलं काय विचारलं, तर, “बाई, डबी आणलीस का?”

सगळ्याच खोकल्याच्या निघाल्या असं नाही. दोघीतिघी खरंच गावाला गेल्या होत्या. एकीला गोळीचा वास आवडत नव्हता. एकीच्या वाटच्या गोळ्या नवराच खात होता. “त्यांना बऱ्या वाटल्या, मग म्हटलं घ्या तुम्हीच.” पण बहुतेक जणी इकडेतिकडे पाहून, पदर तोंडाशी नेऊन तेच सांगत. सुका. घशात खवखव. रात्री जास्त. कुणाला सांगू नका. प्रत्येक बाई मानून चालली होती की हा आपल्या एकटीचाच रोग आहे. शिवाय ज्या टिकल्या होत्या त्यांच्यातल्याही काही खोकत होत्या आणि दारात ‘नाही’ म्हणत होत्या.

मथुराबाईंना तिनं स्वतः नेऊन छातीचा फोटो काढून घेतला. स्वच्छ होता. दवाखान्यातून दुसऱ्या जातीची गोळी सुरू करून दिली, त्या गोळीनं खोकला आला नाही. पण फोटो गल्लीला कसा दाखवणार? पेला वेगळाच राहिला.

*

“हे छापता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

विसर्जनाच्या मिरवणुकीचा गुलाल अजून रस्त्यांवर होता. निकितानं दोन वेगळे तक्ते काढले होते, पुरुषांचा एक, बायकांचा एक, सोडून गेलेल्या धरून. पुरुषांत खोकला थोडा. बायकांत, गोळी सुरू केलेल्या दर तिघींत एक.

“का नाही येणार?”

“कारण ही माहिती नंतर गोळा केलेली आहे. महिने उलटल्यावर आठवून सांगितलेली. नियतकालिकाचे परीक्षक पहिल्या झटक्यात बोट ठेवतील.”

“मग तसं लिहा, सर. नंतर विचारलं म्हणून लिहा. आधी का सांगितलं नाही तेही लिहा.”

“आणि मुळात तुम्हाला परत जायची परवानगी होती का?”

“संमतिपत्रात आहे. सोडून गेलात तरी तब्येतीची चौकशी करायला आम्ही येऊ शकतो. मीच वाचून दाखवलंय सगळ्यांना.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ओव्हाळ मॅडम, मी तुमच्या विरोधात नाही. पण दोन तक्ते, दोन निष्कर्ष, एवढं स्पष्टीकरण... साधा, स्वच्छ निबंध होता. लंडनच्या सहलेखकांनी होकार दिलाय. आता सगळं मागे पडेल.”

“पडू दे. आत्ता आहे तो गेला तर गोळी दवाखान्यादवाखान्यात जाईल. बाई खोकेल. तिला वाटेल टीबी झाला. ती गोळी सोडेल आणि तोंडही मिटेल. डॉक्टरनं निबंध वाचलेला असेल, तो म्हणेल या गोळीनं आपल्याकडे खोकला येत नाही.”

“तुम्ही भावनेच्या भरात—”

“नाही सर. निकिताच्या आकड्यांच्या भरात.” तिनं तक्ते टेबलावर नीट लावून ठेवले. “निबंध पाठवायच्या आधी नोंदी खऱ्या आणि पुऱ्या आहेत म्हणून माझी सही लागते. त्या पुऱ्या नाहीत हे आता मला माहीत आहे. जुन्या निबंधासाठी मी सही करणार नाही.”

बाहेर निकितानं कानातली गाणी केव्हाच काढून ठेवली होती.

डॉक्टरांनी बायकांचा तक्ता जवळ ओढून पुन्हा वरपासून वाचला. आकड्यांशी भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि पहिल्या दिवसापासून रुपालीला भरवसा होता तो तेवढाच. “दर तिघींत एक,” ते शेवटी स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. “आणि आपल्या रकान्यात शून्याच्या आसपास. बसा. त्या डबीचं पुन्हा एकदा सांगा.”

निबंध नव्यानं लिहिला. त्याला पावसाळ्यानंतरचा सगळा हिवाळा गेला. पाठवला, आणि आंबे बाजारात आले तेव्हा परत आला. परीक्षकांचं म्हणणं असं: अभ्यास चांगला आहे, मात्र बायकांचा वेगळा तक्ता अनावश्यक वाटतो, बायकांची संख्या तशी कमी आहे, एकत्रित आकडे दिल्यास स्वीकार करता येईल.

“काढून टाकू या का?” डॉक्टरांनी विचारलं. खरं तर त्यांनी विचारलं एवढंच पुष्कळ होतं. “मजकुरात एक ओळ घालू. मोठं नियतकालिक आहे हो. असं दार रोज उघडत नाही.”

“सर, माणसं पुरेशी आहेत हे दाखवताना बायका धरल्यात ना आपण?”

“हो, अर्थात.”

“मग मोजताना हव्यात आणि छापताना नकोत, असं कसं? तक्ता काढायचा तर त्यांना मोजणीतूनही काढा. मग उरतात तेवढ्यांवर छापतात का बघू.”

डॉक्टर हसले. त्या हसण्यात वैतागही होता. “तुम्ही लहानपणापासून अशाच आहात का?”

“वडिलांना विचारा. ते तासभर सांगतील.”

तक्ता राहिला. निबंध दुसरीकडे गेला, नाव थोडं लहान असलेल्या एका नियतकालिकात, आणि तिथं दोन्ही तक्त्यांसह छापून आला. लेखकांत रुपालीचं नाव तिसरं होतं. कोंडीरावांनी चष्मा चढवून पान डोळ्यांशी धरलं.

“आर. के. ओव्हाळ. हा कोण बाप्या?”

“मीच आहे, बाबा. ते आद्याक्षरंच छापतात.”

“मग बाईनं लिहिलंय हे कळायचं कसं?”

“नाही कळत.”

“हे बरोबर नाही,” कोंडीराव म्हणाले. रुपालीलाही ते बरोबर वाटलं नव्हतं. तिनं नियतकालिकाला तसं कळवलंही होतं आणि उत्तर आलं होतं की आमची पद्धत अशी आहे. तो लढा तिनं पुढच्या खेपेसाठी बाजूला ठेवला.

*

निबंधाची प्रत घेऊन ती वस्तीत गेली ती सकाळी, नळाच्या वेळी. मथुराबाई हंड्याच्या रांगेत होत्या. रुपालीनं त्यांना हलकेच बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगू लागली की छापून आलंय, गोळीनं खोकला येतो हे आता...

“माझ्या कानात काय सांगतीस?” मथुराबाई एकदम म्हणाल्या. “माझ्या डबीचं कानात सांगितलं हुतं का कुणी? नळावर सांग. मोठ्यानं वाच.”

“इंग्रजीत आहे हो ते.”

“मग मराठीत वाच. तू शिकलीयास कशापायी?”

रुपाली क्षणभर घुटमळली. त्या वेळी तिनं बायांना गल्लीबाहेर काढून, एकेकटीला गाठून विचारलं होतं. जे सांगाल ते तुमच्यात माझ्यात, असं प्रत्येकीला वचन दिलं होतं. पण इथं ज्या बाईची गोष्ट होती तीच कमरेवर हात ठेवून उभी होती. रुपाली नळाच्या चौथऱ्यावर चढली. कुणाचं नाव न घेता तिनं बायकांचा तक्ता मराठीत सांगितला. बीपीची ही गोळी घेतली की दर तिघींतल्या एकीला कोरडा खोकला लागतो. गोळी बदलली की जातो. हा टीबी नाही. एकीचा दुसरीला लागत नाही, पसरत नाही. आणि महिन्याला देत होते ती डबी लघवीची होती, थुंकीची नव्हती. ती आम्ही बंद केली आहे.

नळ वाहत होता. एक हंडा भरून सांडत होता, तरी कुणी सरकवला नाही.

“दर तिघींत एक,” मथुराबाई म्हणाल्या. “म्हंजे मी एकटी नव्हते तर.”

“नाही. पुष्कळ जणी होत्या.”

“आन् समद्या गपगार बसल्या? माझ्यावाणीच?” त्या यमुनाबाईंकडे वळल्या. “काय गं यमुने, ऐकलंस का? आता कर की गल्लीभर. तवा कशी पायाला भिंगरी लावून फिरली हुतीस!”

यमुनाबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. रागावतील असं वाटलं. पण त्या रुपालीच्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, मलाबी चार महिने झालं... ती गोळी खाजगी डाक्टरकडनं घेती मी बी. मी म्हणलं, मथुराचा मला लागला.”

“इथं नका सांगू,” रुपाली सवयीनं म्हणाली. “मी दुपारी येते. पिशवी न घेता.”

“इथंच सांगंल ती,” मथुराबाईंनी फर्मावलं. “आता काय लपवायचं ऱ्हायलंय? पयला हंडा सरकीव कुणीतरी, पाणी चाललंय.”

यमुनाबाईंनी सांगितलं. मग मागून आणखी एकीनं सांगितलं. रुपालीनं दोघींना त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं ठरवलं, आधी छातीचा फोटो आणि मग गोळी बदलायची, रीतीप्रमाणे.

निघण्याआधी ती मथुराबाईंच्या दाराशी थांबली. ऊन चढलं होतं. आत मांडणीवर पेले एका ओळीत पालथे होते आणि एक पेला खिडकीत, एकटा, दोरीनं खूण बांधलेला.

“पाणी द्या थोडं,” रुपाली सुनेला म्हणाली. सून मांडणीकडे वळली, तशी ती पुढे म्हणाली, “त्यातला नको. तो, खिडकीतला द्या.”

सुनेनं सासूकडे पाहिलं. सुनेनं पेला विसळला, भरला, दिला. दारात, गल्लीसमोर उभं राहून रुपालीनं पेल्याला ओठ लावून तो सगळा रिकामा केला. मग दोरी सोडली, पेला परत धुतला आणि मांडणीवरच्या ओळीत पालथा घातला.

“चला, यमुनाबाई,” ती म्हणाली. “दवाखाना बाराला बंद होतो.”